तिसरी खूण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गृहस्थ एक बूट हरवल्याचं सांगायला आले. एकच. दुसरा पायात होता. बसमधून उतरून घरापर्यंत कसे गेलात, असं विचारलं तर म्हणाले, "फोनवर बोलत होतो." मी फॉर्म पुढे केला. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'याच्यासारखाच.'

असलं सगळं टिपून ठेवायला ही वही घेतली आहे. बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नऊ वर्षं बसल्यावर माणसांच्या अकलेबद्दल जे कळलं, ते कॉलेजात तीन वर्षं तर्कशास्त्र शिकून कळलं नव्हतं. लोक कवळी विसरून उतरतात. दोनपैकी एक कुबडी विसरून उतरतात. एक बाई विसरलेल्या छत्रीसाठी पुढच्या बसने पाठलाग करत आल्या आणि त्या बसमध्ये पर्स विसरल्या.

प्रामाणिकपणे लिहायचं तर वहीचं कारण वेगळं आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या गोपनीय अहवालात एक शेरा पडला: 'कर्तव्यतत्पर आहेत, परंतु सामान्य व्यवहारज्ञानाचा अभाव जाणवतो.' तेव्हा मी या खिडकीवर महिनाभरासाठी, तात्पुरती बसले होते. एका अंध गृहस्थांना त्यांची पांढरी काठी मी खुणा न विचारता दिली. फॉर्मवर 'रंग' हा रकाना कोरा राहिला आणि तपासणीत तो सापडला. बढती गेली. महिन्याची बदली कायमची झाली.

शेरा लिहिणारे साहेब शिस्तीचे. त्यांचं परिपत्रक होतं: वस्तू मागणाऱ्याने तिच्या तीन खुणा स्वतःहून सांगाव्यात, कर्मचाऱ्याने त्या सुचवू नयेत, फोनवरून कोणालाही काही कळवू नये. अख्खा डेपो त्यांना तीनखुणे साहेब म्हणायचा. ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. परिपत्रक माझ्या मागच्या भिंतीवर चौकटीत अजून आहे, खाली त्यांची लफ्फेदार सही.

शेरा खरा असेल का, हे मी दर आठवड्याला स्वतःला विचारते. दुसऱ्यांची अक्कल रोज मोजून ठेवली तर माझी कुठे बसते ते तरी कळेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीनखुणे साहेब माझ्या खिडकीवर आले.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा वाचलं. नऊ वर्षं मी या प्रसंगाची तालीम केली होती. प्रत्येक तालमीत ते मला ओळखून ओशाळतात. आज त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खिडकीची चौकट आहे. ओळख न दाखवणं ही साहेब लोकांची जुनी कला.

त्यांची कानटोपी बसमध्ये राहिली होती. मी फॉर्म दिला. 'हरवलेली वस्तू' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. बत्तीस वर्षं फॉर्म तपासलेल्या माणसाने. मी दुसरा फॉर्म दिला.

"खुणा सांगा."

"लोकरीची आहे. करडी."

"तिसरी?"

मागे रांग वाढली. "तिसरी," ते म्हणाले, "तिसरी घरी जाऊन बघून सांगतो."

टोपी माझ्या हाताशी कपाटात होती. ते गेल्यावर शिपाईमामा म्हणाले, "बाई, त्यांचीच आहे हो टोपी. एवढ्या मोठ्या डोक्याची दुसरी कोणाची असणार?"

"मामा, डोक्याचं माप ही खूण त्यांनी सांगायची असते. आपण सुचवायची नाही."

मामा हसले नाहीत. तासाभराने साहेब परत आले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, सकाळी आलोच नव्हतो अशा थाटात. मीही पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा दोनच खुणा.

हा सूड म्हणायचा का? मी नियमाबाहेर एक शब्द बोललेली नाही. आवाज चढवला नाही. घरी येताना मात्र मी दोन थांबे आधी उतरून चालत आले, पाय इतके हलके झाले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

ते पुन्हा आले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली, मोजे दोन रंगांचे. मी चष्मा पुसून नीट पाहून घेतलं, उगाच काही पदरचं लिहायला नको.

टोपीचं विसरले होते बहुधा. खिडकीशी वाकून विचारलं, "बाई, माझ्या घराकडे कुठली बस जाते?"

या डेपोच्या सगळ्या मार्गांचं वेळापत्रक ज्याने बनवलं, तो माणूस मला हे विचारतो. माझी परीक्षा घेत असावेत. किंवा खिल्ली.

"चौकशीची खिडकी पलीकडे आहे," मी म्हणाले.

"हो, हो. बरोबर आहे," म्हणाले आणि उलट्या दिशेला गेले. मामा स्टूलवरून उठून त्यांच्यामागे गेले. चांगली वीस मिनिटं मी एकटीने खिडकी सांभाळली. मामांना बोलले त्याबद्दल. उत्तर म्हणून त्यांनी मला चहा आणून दिला, बिनसाखरेचा. मी साखर घेते हे त्यांना नऊ वर्षं माहीत आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळच्या एका फेरीत कंडक्टरला सीटवर एक निळी वही सापडली. नोंदीसाठी वस्तू उघडून पाहावी लागते, म्हणून पाहिली. आत तीनखुणे साहेबांचं नाव, पत्ता आणि मुलीचा फोन नंबर. खाली बाईमाणसाच्या ठळक अक्षरात क्रमांक घातलेल्या सूचना. काही उतरवून आणल्या आहेत:

'१. आधी मोजे, मग बूट.'

'४. गॅस बंद केला का? नुसतं बघायचं नाही. बटणाला हात लावून बघायचं.'

'७. दार लावलं की किल्ली डाव्या खिशात.'

'११. आई गेली. तीन वर्षं झाली. रडून झालं आहे.'

अशा एकोणीस. मोजे आणि बूट यांचा क्रम ज्याला लिहून द्यावा लागतो, त्याने माझ्या व्यवहारज्ञानावर शेरा मारला होता. संध्याकाळी मी ही यादी नवऱ्याला वाचून दाखवली. मला हसू आवरत नव्हतं. तो औषधांच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचतो. अकरा नंबरला त्याने जेवण थांबवलं.

"फोन नंबर आहे म्हणालीस ना त्यात?"

"आहे. पण फोनवर कळवायचं नाही. त्यांचाच नियम."

"तुला कळतंय ना, हे काय आहे?"

"वही आहे."

तो ताट उचलून आत गेला. माणसं अशी अर्धवट बोलून का उठतात? काय ते सरळ सांगावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संवाद जसाच्या तसा लिहिते आहे, कारण यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

ते: माझी वही हरवली आहे.

मी: खुणा सांगा.

ते: निळी आहे.

मी: दुसरी?

ते: आत लिहिलेलं आहे.

मी: काय लिहिलं आहे?

ते: काय लिहिलंय ते लक्षात असतं तर वही कशाला लागली असती, बाई?

रांगेतलं कोणीतरी हसलं. मी म्हणाले, "तीन खुणांशिवाय वस्तू देता येत नाही."

"हा नियम कुठल्या गाढवाने केला?"

मामांना ठसका लागला. मी उठले, बाजूला झाले आणि भिंतीवरची चौकट त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून परिपत्रक सगळं वाचलं. सहीशी बराच वेळ थांबले.

"सही ओळखीची वाटते," ते म्हणाले.

नऊ वर्षांत मला याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही. ते रिकाम्या हाताने गेले. वही माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, खणात होती.

फक्त एक गोष्ट टोचते आहे. 'लक्षात असतं तर वही कशाला लागली असती' हे वाक्य मी तर्कदोषाचा नमुना म्हणून लिहायला घेतलं. त्यात दोष कुठे आहे ते मला सापडत नाही. तीनदा वाचलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस सुट्टी होती. नवरा माझ्याशी भाजी-दूध एवढंच बोलला. काल शेवटी म्हणाला, "त्या माणसाची स्मृती जाते आहे. आमच्या दुकानात अशी माणसं येतात. एकाच गोळीसाठी दिवसातून चारदा. तुझ्यासारखी हुशार बाई, आणि तुला हे दिसत नाही?"

मला दिसत नव्हतं असं आता लिहिणं खोटं होईल. गुरुवारी अकरा नंबर वाचला तेव्हाच दिसलं होतं. मी त्याला मूर्खपणा म्हटलं, कारण मूर्खपणाचा सूड घेता येतो. आजाराचा घेता येत नाही.

तेव्हा आज वही परत करायचं ठरवलं. फॉर्म मीच भरला. पहिली खूण: निळी. दुसरी: आत क्रमांक घातलेल्या सूचना. तिसरी खूण भरायच्या आधी मी वही उघडली आणि एकोणीसच्या खाली, माझ्या अक्षरात लिहिलं:

'२०. सकाळी अकरा वाजता डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जायचं. तिथल्या बाईंची माफी मागायची.'

मग फॉर्मवर लिहिलं, 'तिसरी खूण: शेवटची एक ओळ वेगळ्या अक्षरात.' खोटं काहीच लिहिलेलं नाही.

त्यांनी जे नऊ वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, त्याची ही फक्त आठवण. वहीचा उपयोगच तो आहे. अक्षर सुवाच्य आलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल मामांच्या हाती वहीतल्या पत्त्यावर निरोप धाडला होता. आज वही न्यायला ते मुलीबरोबर आले. तिशीतली असेल, कामावरून रजा काढून आली होती. मी टोपीही काढून दिली. तिने वही दोन्ही हातांनी घेतली.

"पाच दिवस आम्ही शोधतोय, मॅडम. गॅस तर मी बाहेरूनच बंद करून जायचे. पण अकरा नंबर नव्हता ना. रोज सकाळी उठून आईला हाका मारायचे. मग सांगायला लागायचं. आणि सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं रडायचे. पाच दिवस, पाच वेळा. मी सांगूनसांगून..." तिने वहीचं कव्हर पुसलं. "वहीत वाचलं की नाही रडत. लिहिलेल्यावर त्यांचा फार विश्वास."

मी म्हणाले, "इथे सही करा."

तिने वहीला भोक पाडून दोरी ओवली आणि दुसरं टोक त्यांच्या शर्टाच्या काजात बांधलं. "आता ही कोणाच्याही हातात द्यायची नाही, बाबा." आणि उभ्या उभ्या पहिल्याच पानावर वर तसं लिहिलंही. शेवटचं पान तिने उघडलं नाही. तिने ते उघडावं असं मला वाटत होतं की उघडू नये असं, ते अजून ठरलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अकराला पाच मिनिटं कमी असताना ते रांगेत उभे होते. नंबर आल्यावर टोपी काढली, वही उघडली, बोट ठेवून वाचलं आणि वर पाहिलं.

"बाई, मला तुमची माफी मागायची आहे, असं इथे लिहिलं आहे."

"कशाबद्दल?"

"ते लिहिलेलं नाही. पण लिहिलंय म्हणजे माझ्या हातून काहीतरी झालं असणार. मी उगाच लिहून ठेवणारा माणूस नाही. मला माफ करा."

मी मान हलवली. ते गेले.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. दुपारी डबा पूर्ण संपवला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पुन्हा. त्याच वेळी, त्याच शब्दांत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल आले. आज आले. दोन बस बदलून येतात. रांग मोडून पुढे येत नाहीत. टोपी काढतात, बोट ठेवून वाचतात आणि माफी मागतात. रोजची माफी नवीकोरी असते.

मी 'एकदाच' असं लिहिलं नव्हतं.

वहीतल्या इतर एकोणीस सूचना रोजच्या आहेत. रोज मोजे, रोज गॅस, रोज किल्ली. त्यांच्याखाली मी विसावी लिहिली आणि ती एकदाच पाळली जाईल असं गृहीत धरलं. कोणत्याही व्यवहारज्ञानी माणसाला हे लिहितानाच सुचलं असतं. म्हणजे शेरा बरोबर होता. तो खरा ठरवायला मला नऊ वर्षं आणि एक ओळ लागली.

मामा म्हणाले, "बाई, म्हातारा रोज तुमची माफी मागतो, आणि चेहरा तुमचा उतरतो. हा कुठला हिशेब?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज रांग नव्हती. माफी मागून झाल्यावर मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं, फक्त माणसं कोण ते सोडून. एक अंध गृहस्थ, त्यांची पांढरी काठी, रंगाचा कोरा रकाना, एका बाईंच्या अहवालातला शेरा. वाक्य पाठच होतं. बोलताना माझा आवाज चढला. मला त्यांच्या तोंडावर काहीतरी हलायला हवं होतं. एखादी सुरकुती तरी.

त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. "त्या गृहस्थांना काठी मिळाली ना?"

"मिळाली."

"मग झालं तर. आंधळ्याला रंग काय विचारायचा? बाईंनी बरोबर केलं. शेरा मारणाऱ्यालाच अक्कल नसणार." मग त्यांनी विचारलं, "कोण होता तो?"

"होते एक साहेब."

"निवृत्त झाला असेल आता."

"हो."

"बरं झालं. असली माणसं खुर्चीत नकोत."

निकाल माझ्या बाजूने लागला, आणि तोही खुद्द त्यांच्या तोंडून. फक्त तो द्यायला ते तिथे नव्हते. मी घरी आले आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी खिडकी बंद करताना मुलगी आली, एकटी. माझे आभार मानायला.

"रोज सकाळी स्वतःहून तयार होतात. बटणं नीट लावतात. डेपोत जायचंय म्हणतात. कंडक्टर सगळे ओळखतात त्यांना, सांभाळून आणतात. परवा मी शेवटचं पान पाहिलं, मॅडम. त्यांनी स्वतः लिहिलंय काहीतरी. अक्षर त्यांच्यासारखं वाटत नाही, पण आजारात अक्षर बदलतं म्हणे. दीड वर्षात त्यांनी स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली नव्हती. डॉक्टरांना दाखवणार आहे मंगळवारी."

तिचा चेहरा उजळला होता. मी खिडकीची कडी लावत होते. कडी लागत नव्हती. मी ती लागेपर्यंत लावत राहिले, आणि ती गेली.

३ मार्च, सोमवार

ती ओळ खोडायची, एवढंच डोक्यात होतं. ते आले तसं म्हणाले, "जरा वही बघू."

त्यांनी वही छातीशी धरली. "कोणाच्याही हातात द्यायची नाही, असं लिहिलंय."

"मग तुम्हीच लिहा. मी सांगते."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मी सांगितलं, "माफ केलं आहे. आता येण्याची गरज नाही." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं आणि वही दोरीला ताण न देता माझ्याकडे फिरवली.

"सही करा. तारीख घाला. उद्या कोणी विचारलं तर?"

मी सही केली. मामांनी कोणी न सांगता डेपोचा शिक्का मारला.

४ मार्च, मंगळवार

अकरा वाजले. कोणी नाही. सव्वाअकरा. एक बाई भाजीच्या पिशवीची चौकशी करून गेल्या. मी घड्याळ बंद पडलंय का ते मामांना विचारलं.

अकरा पंचविसाला ते आले. आज मुलगी बरोबर होती, डॉक्टरांकडे जाता जाता थांबली असावी. ती बाहेर रिक्षापाशी होती.

"बाई," ते टोपी काढून म्हणाले, "इथे लिहिलंय की मला माफ केलं आहे आणि यायची गरज नाही. ते वाचलं. तेच कळवायला आलो."

मामा तोंड फिरवून हसले. मलाही हसू आलं.

"साहेब," मी म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना साहेब म्हटलं. "माफी तुम्ही नव्हती मागायची. मी मागायची होती. ती ओळ मी लिहिली. तुमच्या वहीत. तुमची वही मी मुद्दाम पाच दिवस अडकवून ठेवली."

मी त्यांच्या रागाची वाट पाहिली. तो आला असता तर बरं झालं असतं.

"आमच्या मुलीला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तिला सांगा. ती सगळं बघते." जाता जाता ते वळले, वहीवर बोट आपटलं आणि अगदी जुन्या, साहेबी आवाजात म्हणाले, "आणि लिहून ठेवा. नाहीतर विसराल."

मी खिडकीतून पाहिलं. मुलीने त्यांना हात देऊन रिक्षात बसवलं. तिने मला हात केला. मीही हात केला. बाहेर जाऊन सांगायला बारा पावलं पुरली असती. रिक्षा गेली. आत्ता ती डॉक्टरांना ते पान दाखवत असेल.

म्हणून लिहून ठेवते आहे.

१. मुलीला फोन करायचा. नंबर तेरा फेब्रुवारीपासून पाठ आहे.

२. विसाव्या ओळीचं अक्षर कोणाचं ते सांगायचं. आधी ते, मग बाकीचं.

३. हे रोज वाचायचं, केलं जाईपर्यंत.